पुल्लिंगी दाढी

सोमवार, ३ मार्च

नवी वही. जुनीत अजून चार पानं होती, पण आजच्या दिवसाला कोरी वही हवी असं वाटलं. सोळा वर्षं शब्दकोशातल्या दुसऱ्यांच्या नोंदींतले स्वल्पविराम वेचून काढल्यावर आज मला स्वतःची नोंद मिळाली.

सकाळी शुद्धिपत्रांनी केबिनमध्ये बोलावलं. शुद्धिपत्र म्हणजे आमचे मुख्य संपादक. हे नाव माझ्या आधीच कुणीतरी ठेवलेलं, आणि ते इतकं चपखल बसलंय की त्यांचं खरं नाव आठवायला मला हजेरीपट उघडावा लागतो. "लॅटिनमधून शब्द निघतो आणि तिच्या पाच मुलींच्या, म्हणजे पाच भाषांच्या, घरी राहायला जातो," ते म्हणाले. "पाचही घरी तो कसा वागतो ते लिहायचं. तुमचा शब्द आहे 'बार्बा'. दाढी. मे महिन्यापर्यंत. नोंद उभी राहिली तर अख्खा 'ब' तुमचा."

मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि जिन्यात जाऊन एकटीच हसले. चव्वेचाळीसाव्या वर्षी मला दाढी आली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकून दाढी? दुसरा शब्द नव्हता?"

गुरुवार, ६ मार्च

दाढी वाटली होती तेवढी सरळ नाही. इटालियनमध्ये बार्बा म्हणजे दाढी, पण "काय बार्बा आहे!" म्हणजे "काय वैताग आहे!" फ्रेंचही तेच म्हणतात, फक्त आणखी तोंड वाकडं करून. स्पॅनिशमध्ये बार्बा ही हनुवटीसुद्धा, म्हणजे तिथे बायकांनाही बार्बा असते. पोर्तुगीज माणूस सकाळी उठून आपल्यासारखीच 'दाढी करतो'. दाढी करतो म्हणजे काढतो! इतकी उलटी गोष्ट दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सरळ म्हणावी, याचं मला दिवसभर कौतुक वाटत राहिलं. आणि जत्रेत काडीवर गुंडाळून मिळणारा तो साखरेचा गुलाबी कापूस? आपण त्याला म्हातारीचे केस म्हणतो, फ्रेंच म्हणतात बाबाची दाढी. म्हाताऱ्या माणसांना ओरबाडल्याशिवाय पोरांना गोड खाता येत नाही की काय!

टायपिस्टने मध्येच विचारलं, "मॅडम, बार्बावरूनच बर्बर आला असेल ना? रानटी, दाढीवाले लोक?" शुद्धिपत्र केबिनमधून ओरडले, "नाही! बर्बर म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला बडबड वाटतं तो! दाढीशी काडीचा संबंध नाही!" त्या माणसाला ऐकू कमी येतं म्हणतात, पण चूक भिंतीपलीकडूनही ऐकू येते. टायपिस्ट बिचारा खाली मान घालून बसला. मी त्याला म्हटलं, मनावर घेऊ नका, चूक सुंदर होती. हेही म्हटलं की दाढीवाल्या माणसांचं मला काही कळत नाही, चेहरा वाचताच येत नाही. त्याची स्वतःची दाढी आहे हे बोलून गेल्यावर लक्षात आलं.

सोमवार, १० मार्च

टायपिस्ट गुळगुळीत दाढी करून आला. हनुवटीला दोन ठिकाणी कापलंय. कोण जाणे काय खूळ. तसा चेहरा बरा आहे.

मंगळवार, ११ मार्च

आज अक्षर वाकडं येईल.

दुपारी 'ब'च्या खणातल्या जुन्या चिठ्ठ्या लावत होते. पिवळ्या पडलेल्या, कुणा जुन्या संग्राहकाच्या बारीक अक्षरातल्या. एकीवर लिहिलं होतं: "बार्बा, पु., इटालियनच्या उत्तरेकडच्या डोंगरी बोली. आईचा किंवा बापाचा भाऊ."

मी आधी हसलेच. पुल्लिंगी दाढी! म्हटलं, संग्राहकाला डुलकी लागली असणार. पण पुढची चिठ्ठीही तेच म्हणत होती, तिसरीही, वेगवेगळ्या गावांतल्या. शुद्धिपत्रांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "बरोबर आहे. घरातला दाढीवाला, वडीलधारा, म्हणून दाढी हेच त्याचं नाव पडलं. शब्द दाढीचाच, पण माणसाला लागला की पुल्लिंगी होतो. आता तुमची खरी अडचण पुढे आहे. त्यांना एक शब्द पुरतो. आपल्याला विचारावं लागतं, काका की मामा?"

मी "हो हो" म्हणत जागेवर आले आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने "काका/मामा" लिहिलं. आणि लिहिता लिहिता आठवलं. ही पुल्लिंगी दाढी मी आधी पाहिली होती. तेव्हा मला ती चूक वाटली होती, आणि मी ती सुधारली होती.

टेलरबाईंचं पत्र.

बुधवार, १२ मार्च

झोप नाही. सगळं नीट लिहून काढते, म्हणजे निदान डोक्यातून कागदावर तरी येईल.

टेलरबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या. वडिलांचं दुकान त्यांनी चालवलं, आता सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या असतील. लग्न केलं नाही. त्यांची आई त्या डोंगराकडची, लग्न होऊन इकडे आली आणि बाई पाच वर्षांच्या असतानाच गेली. बापाने त्या बाजूचं नावही काढलं नाही. आईची भाषा त्यांना येत नाही, आईचं कुणी माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी दुकानाच्या पत्त्यावर एक पत्र आलं. मी कोटाचं अस्तर बदलायला गेले होते. त्या म्हणाल्या, "तुला त्या भाषा येतात ना गं? वाच बरं."

अक्षर भयंकर, वर गावाचं नाव, खाली सहीच्या जागी एकच अक्षर. मी ऐटीत उभ्या उभ्या वाचलं: "माझी दाढी आता सगळी पांढरी झाली. दर उन्हाळ्यात तुझी वाट पाहतो. एकटी असशील तर ये. घर मोठं आहे."

मूळ पत्रात दाढी पुल्लिंगी होती. मला स्पष्ट आठवतंय, मी मनात म्हटलं होतं, अडाणी दिसतोय, व्याकरण कच्चं. 'माझी' हा शब्द तर पत्रात नव्हताच, तो मी पदरचा घातला. वाट पाहणारा मूळचा 'तो' मी 'मी' करून टाकला, कारण क्रियापदाचं शेवटचं अक्षर शाईत बुडालेलं होतं आणि मला फार कळत होतं ना!

टेलरबाई लालबुंद झाल्या. "कोण हा म्हातारा? माझा पत्ता याला दिला कुणी? घर मोठं आहे म्हणे!" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांच्या तोंडातली टाचणी खाली पडली. उत्तर अर्थातच पाठवलं नाही. तेव्हापासून अकरा वर्षं आमचा हाच विनोद चालू आहे. मी दुकानात शिरले की त्या विचारतात, "काय गं, माझ्या दाढीवाल्याचं काही कळलं?" आणि मी म्हणते, "अजून वाट पाहतोय."

त्या पत्रात लिहिलं होतं: मामा आता सगळा पांढरा झाला. दर उन्हाळ्यात तुझी वाट पाहतो.

देवा, माझ्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ मार्च

आज सांगायचं ठरवून निघाले. तसंच कसं जायचं म्हणून घरून निघताना कोटाचं धडधाकट बटण कात्रीने तोडलं. टेलरबाईंनी बटण लावलं, वर एक सैल होतं तेही पक्कं केलं. "काय गं, माझ्या दाढीवाल्याचं काही कळलं?" मी म्हटलं, "नाही." आणि बाहेर पडले.

अशी भित्री बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही, आणि ती माझ्याच कोटात आहे.

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, "तो म्हातारा असेल अजून?" तिने नेमकं तेच विचारायला नको होतं. अकरा वर्षांपूर्वीच पांढरा झालेला माणूस.

शनिवार, १५ मार्च

सांगितलं.

मशीन चालू होतं. मी दारातच उभी राहून बोलून टाकलं, एका श्वासात, पाठ केल्यासारखं. बार्बा म्हणजे दाढी नाही, तुमच्या आईचा भाऊ, चूक माझी, अक्षराची नाही, तुमची नाही, माझी. त्या आधी हसल्या. त्यांना वाटलं नवा विनोद आहे. मग माझं तोंड बघून मशीनवरचा पाय काढला.

"म्हणजे मला मामा आहे?"

"होता. आहे. मला माहीत नाही, टेलरबाई."

त्या बराच वेळ पुढ्यातल्या कापडाच्या सुरकुत्या हाताने काढत राहिल्या. सुरकुती एकही नव्हती. "शाळेत सुट्टी लागली की सगळ्या पोरी मामाकडे जायच्या," त्या म्हणाल्या. "मी बाबांना विचारायची, आपल्याला मामा का नाही? ते म्हणायचे, काहींना नसतो." मग आवाज चढला. "अकरा वर्षं मी त्या माणसाला हसत होते! गिऱ्हाइकांना सांगून सांगून हसत होते! आणि तू माझ्या शेजारी उभी राहून हसत होतीस."

मी म्हटलं, "हो."

"जा तू आता."

आले. रडले. आईने डोक्यावरून हात फिरवला तर आणखी रडले. माझ्यापाशी शब्दांची कपाटंच्या कपाटं आहेत आणि त्यातला एकही तिथे चालला नाही.

बुधवार, १९ मार्च

शुद्धिपत्रांना सांगितलं, अख्खा 'ब' मला नको, एवढी एक नोंद करून मी परत स्वल्पविरामांकडे जाते. कारण विचारलं, मी सांगितलं. वाटलं होतं, आता तासभर ऐकावं लागणार. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तरुणपणी एका नवरदेवाच्या जन्मदाखल्यात 'मृत' असं भाषांतर केलं होतं," ते म्हणाले. "लग्न चार महिने अडलं. मी तोंड लपवून बसलो असतो तर अजून अडलेलं असतं. ज्याला चुकीची लाज वाटते त्यालाच मी 'ब' देतो. जागेवर जा. आणि त्या बाईंसाठी काय करताय ते आधी सांगा."

काहीच करत नव्हते. फक्त वाईट वाटून घेत होते. ते काम सोपं आहे.

टायपिस्टने न मागता माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला, तीन वेळा. तिसरा गार झाला तर तो परत नेऊन गरम करून आणला. या माणसाला आज काम कमी होतं बहुतेक.

सोमवार, २४ मार्च

दुपारी टेलरबाई कार्यालयात! दोन जिने चढून, गळ्यात मोजपट्टी तशीच. माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर कागदाचा एक तुकडा ठेवला, कमानीसारखा कापलेला.

"हे काय?"

"कॉलर," त्या म्हणाल्या. "कागद जाड होता, चांगला होता. मी त्याचा कॉलरचा नमुना कापला. अकरा वर्षांत किती शर्ट शिवले यावर, मोजता येणार नाहीत." आणि मग आवाज एकदम बारीक झाला. "पाकीट तर तेव्हाच फेकलं. खालचा भाग पण गेला गं."

म्हणजे चूक एकटी माझी नव्हती असं त्यांना म्हणायचं होतं. किंवा नव्हतं. मी शहाणपणा शिकतेय. कागद दिव्याखाली धरला. सही गेली, 'घर मोठं' गेलं. पण वरच्या कोपऱ्यात गावाचं नाव शाबूत होतं, आणि मधोमध तो बार्बा, पुल्लिंगी, ठसठशीत. इतकं स्वच्छ दिसत होतं की मला माझ्या जुन्या डोळ्यांची कीव आली.

शुद्धिपत्र बाहेर आले, कॉलर पाहिली आणि टेलरबाईंना स्वतःची खुर्ची दिली. सोळा वर्षांत त्या खुर्चीवर मी दुसरं कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं.

तिथेच पत्र लिहिलं. पत्ता म्हणून त्या गावचं टपाल कार्यालय. "ज्या म्हाताऱ्याची बहीण पन्नास-साठ वर्षांपूर्वी एका शिंप्याशी लग्न करून परदेशी गेली, त्याला किंवा त्याच्या माणसांना हे द्यावे." टेलरबाई सांगत होत्या, मी लिहीत होते. त्यांनी एवढंच सांगितलं: "लिही, मला आत्ता कळलं. लिही, मी रागावले नव्हते. नाही, खोटं नको. रागावले होते, पण चुकीच्या माणसावर." टायपिस्टने ते दोनदा टंकलं, पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणे.

बुधवार, ९ एप्रिल

सोळा दिवस झाले. उत्तर नाही.

रोज संध्याकाळी दुकानावरून जाते. टेलरबाई काचेतूनच मान हलवतात, नाही. आज आत बोलावलं. म्हणाल्या, "गेलेच असतील तर तसं कळलं तरी चालेल मला. निदान कुणासाठी रडायचं ते तरी कळेल." मी पाटावर बसले आणि त्यांच्या शर्टांवर बटणांची काजं करायला घेतली. दोन बिघडवल्यावर त्यांनी सुई काढून घेतली. "तू दाढ्याच कर," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र. पंधरवड्यात पहिल्यांदा.

नोंद पुढे सरकतेय. आज रुमानियन. बार्बापासून त्यांनी 'बर्बात' केला. मूळ अर्थ दाढीवाला, आता अर्थ पुरुष, आणि नवराही. टायपिस्टला समजावून सांगितलं: म्हणजे बघा, दाढी होती तोवर तुम्ही रुमानियनमध्ये नवरा होण्याच्या लायकीचे होतात, उगाच काढलीत. तो इतका लाल झाला की मला वाटलं ताप आला.

गुरुवार, १७ एप्रिल

टायपिस्टने आठवडाभर दाढी केलेली नाही. वस्तरा हरवला असेल. आईला गंमत म्हणून सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तू खरंच कोशात काम करतेस का गं?" म्हाताऱ्या माणसांचं काय कळत नाही. एखाद्या रविवारी त्याला जेवायला बोलाव म्हणाली, तिला त्याला बघायचंय म्हणे. काय बघायचंय?

मंगळवार, २२ एप्रिल

आलं! आलं! आलं!

टेलरबाई रस्त्यातून धावत कार्यालयात आल्या, एकाच पायात चप्पल. पाकीट फोडलेलं नव्हतं. "तू फोड. नको, मी फोडते. नको, तू."

पत्र मामांच्या मुलीचं. देवाच्या कृपेने तेच भयंकर अक्षर, म्हणजे आधीचंही पत्र तिनेच लिहिलेलं. तिने लिहिलंय की टपालवाल्याने पत्र आधी तीन चुकीच्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं, म्हणून उशीर झाला. वडील शहाऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत, डोकं शाबूत. खाली फोन नंबर. मी एकेक वाक्य वाचत गेले आणि प्रत्येक वाक्यात कर्ता कोण ते दोनदा तपासलं. 'आहेत' हा शब्द तर चार वेळा वाचला.

टेलरबाई भिंतीवर टांगलेल्या माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राखाली जमिनीवरच बसल्या. "मामा आहे," त्या म्हणाल्या. टायपिस्टला म्हणाल्या, शुद्धिपत्रांना म्हणाल्या, पाणी घेऊन आलेल्या शिपायाला म्हणाल्या, "अहो, मला मामा आहे." शुद्धिपत्रांनी हात जोडून नमस्कार केला, जणू मामाच आलेत.

सोमवार, २८ एप्रिल

नोंद दिली. अर्थ क्रमांक चार: "(पु., डोंगरी बोली) आईचा किंवा वडिलांचा भाऊ, मामा, काका." शुद्धिपत्रांनी एकही खूण केली नाही. परत देताना फक्त म्हणाले, "मामा आधी का? वर्णानुक्रमाने काका आधी येतो." मी म्हटलं, राहू दे सर. त्यांनी राहू दिलं. 'ब' माझा.

टायपिस्ट काल, रविवारी, जेवून गेला. आई त्याच्याशी इतकं बोलली की मला शब्द बोलायला वाव मिळाला नाही. जाताना म्हणाला, टेलरबाईंबरोबर मामांकडे दुभाषी म्हणून तुम्ही जाणार असाल तर सामान उचलायला मी येऊ का, रजा शिल्लक आहे. रजा फुकट घालवायला लोकांना काय आवडतं! पण हो म्हटलं. का म्हटलं ते उद्या लिहीन.

शुक्रवार, २ मे

फोन आज केला, इतके दिवस टेलरबाईंना धीर होत नव्हता. टेलरबाईंच्या दुकानातून, सकाळी, दार लोटून. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. फोनवर दिसत नाही म्हटलं तर म्हणाल्या, "मला दिसतंय ना."

आधी मुलगी बोलली, मग खडखड झाली आणि तो आवाज आला. जाडाभरडा, मोठा, डोंगरावरून हाक मारावी तसा. मी माझं नाव सांगायच्या आत म्हणाला, "तुझा आवाज अगदी तुझ्या आईसारखा आहे." मला म्हणाला! मी घाईघाईने सांगितलं, मी ती नाही, मी भाषांतर करणारी. आणि त्याच दमात, कारण मग धीर झाला नसता, सगळं कबूल केलं. दाढी, पांढरी, मोठं घर, सगळं.

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी. मला वाटलं, मारलं मी त्यांना. पण ते हसत होते. हसता हसता मुलीला ओरडून सांगत होते, आणि तीही हसायला लागली. "पोरी," ते मला म्हणाले, "मी जन्मात दाढी ठेवली नाही. मला खाज सुटते."

टेलरबाईंना सांगितलं. त्यांचं हसू आणि रडू एकदमच आलं, आवरेना. मी फोन त्यांच्या हातात दिला. "काय बोलू? मला भाषा येत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काहीही बोला, आपल्या भाषेत बोला. त्या म्हणाल्या, "मामा." मग थांबल्या. मग म्हणाल्या, मी शिवणकाम करते, मामा, आत्ता एका पोरीचा शाळेचा गणवेश घेतलाय, निळा आहे, मला मधुमेह नाही, दात माझेच आहेत, मी आईसारखी दिसते का ते मला माहीत नाही, फोटो एकच आहे आणि त्यात ती हललीय. मामा पलीकडून त्यांच्या भाषेत हं, हं म्हणत होते, मग तेही बोलायला लागले. दोघं एकदम बोलत होती. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर टेलरबाईंनी हातानेच मला गप्प केलं.

मी जाऊन गणवेशाची घडी घातली. पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

शेवटी मामांनी एक वाक्य म्हटलं, आणि थोडं थांबून तेच पुन्हा म्हटलं. टेलरबाईंनी फोनवर हात ठेवला. "कधी येतेस असं विचारतायत ना?"

मी थक्क झाले. अगदी तेच होतं, शब्दाला शब्द. "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं," त्या म्हणाल्या, "मामा दुसरं काय विचारणार?"